भुताच्या गेममधला करकरणारा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, पण माझ्या पुढे खोली नाही आणि मागेही नाही. चाकं लावलेल्या एका चौकटीत मला बसवलंय, आणि ह्या चौकटीत आल्यापासून मला उघडून कुणी कुठे गेलेलं नाही. तरीही तुमच्यातले कितीतरी जण मला घाबरलेले आहेत, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. भुताचा गेम खेळताना अंधाऱ्या खोलीचं दार कर्रर्र करत उघडलं आणि तुमच्या हातातला कंट्रोलर घामाने ओला झाला, तर तो आवाज माझा होता. होता, असंच म्हणायचं आता. कारण आता मी मुका आहे.

मला घडवणारा सुतार चांगला होता, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. लाकूड जाड, रंधा साफ मारलेला, बिजागऱ्या लोखंडी. चूक झाली ती मला लावलं त्या जागेची. कपडे धुण्याच्या एका कारखान्यात, साबणाच्या पोत्यांच्या कोठाराला मला बसवलं. तिथे सदान्कदा वाफ आणि ओल. वर्षभरात मी फुगलो, थोडा वाकलो, बिजागऱ्या गंजल्या, आणि मी करकरायला लागलो. साधंसुधं नव्हे हं! आधी खालच्या पट्टीत कण्हल्यासारखं, मग मध्येच अडकून गप्प, आणि शेवटी एक लांबलचक किंकाळी. तिथल्या बायका म्हणायच्या, "लागलं बाई, मेलं कोकलायला." कुणी लाथ घालायचं, कुणी शिव्या द्यायचं. मी तरी काय करणार? मला दुसरं काही बोलताच येत नव्हतं.

कारखाना पाडला तेव्हा मी भंगारवाल्याच्या आवारात जाऊन पडलो. माझ्यासारखे बरेच दरवाजे तिथे भिंतीला टेकून उभे होते. गिऱ्हाइकं यायची, रंग बघायची, वाळवी बघायची आणि मला बघून नाक मुरडायची. एक दिवस एक सडपातळ गृहस्थ आले. त्यांनी एकाही दरवाज्याचा रंग बघितला नाही. प्रत्येक दार हलवायचं, बिजागरीला कान लावायचा आणि पुढे जायचं, असं त्यांचं चाललेलं. भंगारवाला हसून म्हणाला, "काय साहेब, डॉक्टर आहात का?" माझ्यापाशी आल्यावर त्यांनी मला सावकाश फिरवलं. मी मनात म्हटलं, आता बसणार लाथ. पण त्यांनी डोळे मिटले, पुन्हा फिरवलं, आणि म्हणाले, "अरे वा! हा तर बोलतो!" मित्रांनो, माझ्या आवाजासाठी मला कुणीतरी पसंत केलं, असं आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा झालं.

ते गृहस्थ व्हिडिओ गेमसाठी आवाज तयार करायचे. पडद्यावर हाडं मोडली की इकडे स्टुडिओत कोबीची पानं मोडली जायची. चिखलातून कुणी सरपटत आलं की इकडे ओला टॉवेल फरशीवर ओढला जायचा. त्यांच्या हातून निघणारे आवाज बहुतेक भुताखेतांचेच, म्हणून आळीतली मुलं त्यांना भूतकाका म्हणायची. माणूस मात्र इतका गरीब की झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढायचा.

भूतकाकांची एक मुलगी होती. तिची आई ती तान्ही असतानाच गेली होती, त्यामुळे काकांची मोठी बहीण, म्हणजे आत्या, त्यांच्याकडेच राहायची आणि घरी शिवणकाम करायची. मुलगी शाळा सुटली की स्टुडिओत यायची, कोपऱ्यातल्या टीव्हीला गेम जोडायची आणि खेळताना अशी किंचाळायची की तिचं नाव टिटवीच पडलं. काका पडद्याकडे बघायचेच नाहीत. ते बघायचे टिटवीच्या तोंडाकडे. माझा नवा आवाज गेममध्ये घातला की ते तिला खेळायला बसवायचे आणि समोर स्टूल घेऊन बसायचे. ती नुसती किंचाळली तर म्हणायचे, "छ्या, जमलं नाही." ती बसल्या जागी थिजली, हात तोंडावर गेला आणि आवाज फुटेनासा झाला, की मांडीवर थाप मारून म्हणायचे, "घाबरली! आता जमलं!"

टिटवीचा लाडका गेम म्हणजे एका घराचा. त्यात भूत दिसायचंच नाही. तुम्ही त्या घरात एकटे, आणि दर वेळी स्वयंपाकघरात गेलं की जेवणाच्या टेबलाभोवती एक खुर्ची वाढलेली असायची. बस्स, एवढंच. आत्या एकदा डबा घेऊन आली तेव्हा बघत उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यात घाबरण्यासारखं काय आहे मेलं? लाकूडसामानच तर आहे. आणि सिनेमात बरी चांगली भुतं असतात की!"

टिटवी म्हणाली, "आत्या, सिनेमात ती बाई दार उघडायला जाते ना, तेव्हा आपण इथून ओरडतो, अगं बये, नको जाऊस! गेममध्ये ती बया मीच असते. मी बटण दाबलंच नाही तर दार उघडणारच नाही. पण मग पुढेही जाता येत नाही."

"मग नको ना दाबूस. ऊठ, जेवून घे."

काका हसले. पण मला वाटतं, भीतीचं मर्म टिटवीने बरोबर पकडलं होतं. आपल्याच अंगठ्याने उघडायचं, आणि पलीकडे काय आहे ते ठाऊक नसताना उघडायचं. काकांनी त्यावरच माझ्याकडून काम करून घेतलं. ते मला वीतभर उघडायचे आणि थांबायचे. श्वाससुद्धा रोखून धरायचे. त्या गप्प जागेत ऐकणाऱ्याच्या मनात नाही नाही ते यायचं. मग उरलेली किंकाळी. काचेपलीकडे यंत्रावर बसणारे ढोले म्हणजे आमचे रेकॉर्डिस्ट. त्यांचं पोट बघून कुणीतरी त्यांना ढोले केलं होतं, खरं नाव सगळे विसरले होते. ते कानावरचे हेडफोन काढून अंगठा वर करायचे, आणि काका आत येऊन तो तुकडा डोळे मिटून दोनदा ऐकायचे. दोनदा ऐकल्याशिवाय त्यांनी कधी कुठला आवाज पास केला नाही.

ते दिवस फार चांगले होते. माझं कौतुक व्हायचं. नवे पाहुणे आले की काका म्हणायचे, "आमच्या कलावंताला भेटा." आणि मी कुठल्या शहाण्या दरवाज्याने करकरू नये तसा करकरायचो.

टिटवी मोठी झाली आणि दूरच्या शहरात गेम तयार करणाऱ्या कंपनीत लागली. तिच्यामागे काकांमध्ये काहीतरी बदललं, आणि ते आधी मला कळलं. माझी किंकाळी जिथे सगळ्यात बारीक व्हायची तिथे त्यांची भुवई हलायची. ती हलेनाशी झाली. मग ते ढोलेंना म्हणायला लागले, "आज मशीन जरा दबकं वाजतंय का?" मशीन बिचारं ठणठणीत होतं. सकाळी ढोले काकांचे हेडफोन कानाला लावायचे आणि दचकून काढायचे, कारण आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवून ठेवलेला असायचा. ते गुपचूप तो कमी करायचे. काकांशी त्याबद्दल कधी एक अक्षर बोलले नाहीत. इतक्या मोठ्या माणसाला कसं विचारायचं, असं त्यांना वाटत असणार. मग काकांचं काम ढोलेंच्या अंगठ्यावर चालू लागलं. अंगठा वर गेला की जमलं, नाही गेला की पुन्हा. डोळे मिटून दोनदा ऐकण्याचा रिवाज मात्र त्यांनी सोडला नाही. काय ऐकत होते कुणास ठाऊक. मला वाटतं, मनात साठवलेलं ऐकत होते.

घरी आत्याचं वेगळंच. डबा ठेवताना ती ढोलेंपाशी कुरकुरायची, "हाका मारून घसा बसतो माझा. म्हातारपणी शिष्ट झालाय. मुद्दाम ऐकत नाही." आणि टिटवीचा फोन आला की काका तो उचलायचेच नाहीत. "कामात होतो" असा निरोप लिहून पाठवायचे. टिटवीला वाटलं, आपण घर सोडून गेलो म्हणून बाबा रागावले. तिने ढोलेंना तसं विचारलंही. ढोले म्हणाले, "नाही गं, काम फार असतं." सगळ्यांना थोडं थोडं ठाऊक होतं, मित्रांनो, आणि प्रत्येकाने आपापला अर्थ लावून ठेवला होता.

काकांना मात्र एकच भीती होती. हे कळलं तर हे काम जाईल. आणि काम गेलं तर मग आपण कोण? एकदा ते एकटे होते तेव्हा माझ्या मुठीवर हात ठेवून पुटपुटले, "टिटवीचा गेम होईपर्यंत तरी चालू दे रे बाबा." मला म्हणाले की देवाला, ते मला कळलं नाही.

टिटवीने खरोखरच स्वतःचा गेम तयार केला होता. त्यात एक मुलगी खूप दिवसांनी घरी येते. घरात वडील आहेत, पण कुठल्या खोलीत ते दिसत नाही. एक बटण दाबलं की ती "बाबा!" अशी हाक मारते. हाक मारल्याशिवाय पुढचा रस्ता सापडत नाही, आणि दर हाकेबरोबर घरातलं दुसरंच काहीतरी जवळ सरकतं. शेवटी एक बंद दार. ते दार मीच असलं पाहिजे आणि ते बाबांनीच उघडलं पाहिजे, असा तिचा हट्ट होता. त्यासाठी ती स्वतः आली.

त्याच दिवशी दुपारी आत्या नेहमीप्रमाणे डबा घेऊन आली. काका मला ओढून तालीम करत होते. अलीकडे मी फार जड झालो होतो. गंज वाढला होता, आणि काकांचा खांदा दुखायचा. दर खेपेला ते दात आवळून खांदा चोळायचे. आत्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. काका हात धुवायला गेले तसं तिने पिशवीतून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी काढली.

अहो, मी काय सांगू! ओरडायची माझी एकच सोय होती, आणि आत्या तिच्यावरच तेल सोडत होती. वरच्या बिजागरीत, खालच्या बिजागरीत, चिंधीने पुसून पुन्हा थोडं. मग तिने मला हलवलं. मी लोण्यासारखा फिरलो. "बघ, किती शहाणा झालास," ती मला म्हणाली. तिच्या मनात नुसती माया होती. करकरणारं दार म्हणजे ज्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही असं दार, एवढंच तिला ठाऊक. ह्या स्टुडिओत मला करकरायलाच ठेवलंय, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. ती डबा ठेवून पाच मिनिटांत परत जायची.

काका परत आले. आत्या निघता निघता मोठ्याने म्हणाली, "दाराला तेल घातलंय हं मी! आता ओढाताण नको करूस."

काकांनी तिच्याकडे बघून मान हलवली. "हो हो, ठेव तिथेच. जेवतो मी."

ती समाधानाने गेली.

जेवण झाल्यावर काका माझ्यापाशी येऊन उभे राहिले. माइक माझ्या बिजागरीजवळ लावला होता. काचेपलीकडे ढोले, आणि त्यांच्या शेजारी टिटवी. दिवा लाल झाला. काकांनी मूठ धरली आणि मला फिरवलं. मी फिरलो. आवाज नाही. वीतभर उघडून ते थांबले, नेहमीसारखा श्वास रोखला, आणि मग मला सावकाश, अगदी जीव लावून, शेवटपर्यंत उघडलं. आवाज नाही. मी सगळं अंग आवळून बघितलं, मित्रांनो. एक कण निघेना.

"आज खांदा हलका वाटतोय," काका स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी काचेकडे बघितलं.

ढोलेंचा अंगठा वर गेला नव्हता. पण टिटवीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती बसल्या जागी थिजली होती आणि तिचा हात तोंडावर गेला होता. काकांनी तो चेहरा बघितला आणि त्यांना काय आनंद झाला! त्यांनी मांडीवर थाप मारली. "घाबरली! घाबरली बघ! जमलं!"

ते लगबगीने आत गेले. मधलं दार उघडंच राहिलं, म्हणून मला सगळं दिसत होतं. त्यांनी हेडफोन लावले आणि ढोलेंना खूण केली. ढोलेंचा हात बटणाकडे सरकेना. "लावा हो," काका म्हणाले. ढोलेंनी लावलं. काकांनी डोळे मिटले. त्या तुकड्यात करकर नव्हती, माझा एक सूरही नव्हता. आणि काका मान डोलवत होते. एकदा ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. मग डोळे उघडून म्हणाले, "मधली गप्प जागा जराशी लांबली. पण असू दे, बरी वाटते. हाच ठेवा."

ढोले तोंड फिरवून बसले. टिटवी धावत माझ्यापाशी आली. तिने मला हलवलं, बिजागरीवर हात फिरवला, आणि तिची बोटं तेलाने चकाकली. काका मागोमाग आले. "काय झालं गं?" त्यांनी तिचा हात धरला, बोटं बघितली, नाकाशी नेली. शिलाई मशीनच्या तेलाचा वास ते लहानपणापासून ओळखत होते. त्यांनी तिचा हात सोडला आणि मला फिरवलं. बिजागरीला कान लावून पुन्हा फिरवलं. पुन्हा. पुन्हा. भंगारवाल्याच्या आवारात ज्या कानाने मला निवडलं, तोच कान होता तो.

टिटवी काहीतरी भराभर बोलत होती. आत्याने घातलं असेल, त्यात काय एवढं, आपण दुसरं दार आणू, मशीनमधून आवाज घालू. रडतही होती. काका तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"हळू बोल," ते म्हणाले. "मला दिसेल असं बोल."

मग टिटवीला सगळंच कळलं. न उचललेले फोनही कळले. काकांनी विचारलं, "म्हणजे मघाशी तू दाराला नाही घाबरलीस?" तिने मान हलवली, नाही. काका स्टुलावर बसले. संध्याकाळपर्यंत तसेच बसून होते.

आत्याला कळलं तेव्हा ती तेल काढायला रॉकेलची बाटली घेऊन आली आणि चिंध्यांनी माझ्या बिजागऱ्या घासत राहिली. "बोल ना रे मेल्या," म्हणायची, "एकदा तरी बोल. शिव्या दे मला." मी काय बोलणार? गंज गेला, मळ गेला, कारखान्यातली ती ओल गेली. आता फार तर उंदराएवढं चूं होतं, तेही पावसाळी हवेत. डॉक्टरांनी काकांचे कान तपासले आणि सांगितलं की फार आधी यायला हवं होतं. यंत्र दिलं कानाला. त्यात भांड्यांचा खणखणाट ऐकू येतो, माणसं नीट ऐकू येत नाहीत, म्हणून काका ते काढूनच ठेवतात.

टिटवीचा गेम आला. तिने शेवटच्या दाराला तोच मुका तुकडा ठेवला. कारण तो अगदी रिकामा नव्हता. त्यात काकांचा श्वास होता. आधी चालणारा, मग रोखलेला, मग दार उघडत असताना हळूहळू सुटणारा. खेळणारे लिहितात की इतक्या हाका मारून झाल्यावर ते दार बिनआवाजाचं उघडतं आणि फक्त कुणाचातरी श्वास ऐकू येतो, तेव्हा अंगावर काटा येतो. इतका भीतीदायक आवाज आजवर ऐकला नाही, असंही कुणी कुणी लिहितात.

काका आपलं सामान न्यायला शेवटचे आले तेव्हा टिटवीने त्यांच्यासमोर बसून, एकेक शब्द सुटा करत, हे सांगितलं. "बाबा, लोक घाबरतात. तुमचा श्वास आहे त्यात."

काकांनी तिच्या गालावरून हात फिरवला. म्हणाले, "श्वास काय गं, कुणीही घेतं." आणि सामानाची पिशवी उचलून गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बघितलं नसतं.

मी आता मागच्या बोळात भिंतीला टेकून असतो. माझ्या मुठीला फरशी पुसायची फडकी वाळत घालतात. नव्या लोकांना दाराचा आवाज हवा असला तर तो संगणकातून निघतो. ते फडकं काढून मला उभं करावं, मला पुन्हा स्टुडिओत न्यावं, असं माझं काही म्हणणं नाही. माझं झालं ते झालं, आणि काकांचंही आता काही होण्यासारखं नाही.

पण मित्रांनो, तुम्ही गेम खेळता तेव्हा बंद दारासमोर किती वेळ उभे राहता, ते मला ठाऊक आहे. तरी शेवटी बटण दाबताच ना? तेवढंच धाडस घरात करा. घरातलं कुणी हाकेला ओ देत नसेल, टीव्हीचा आवाज वाढवत असेल, न ऐकताच मान हलवत असेल, तर चिडू नका, आणि शिष्ट झालाय म्हणून सोडूनही देऊ नका. समोर जाऊन बसा, तुमचं तोंड त्यांना दिसू द्या, आणि सरळ विचारा. त्यांना लाज वाटेल, तुम्हालाही वाटेल. तरी विचारा. आमच्या स्टुडिओत सगळी प्रेमाचीच माणसं होती, आणि त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही.